कूलंटची टाकी गळतेय. चिकटवायची की बदलायची?

मार्च संपत आला की विदर्भातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "भाऊ, गाडी पाणी खाऊन राहिली. दर आठ दिवसांनी बाटलीत पाणी टाकावं लागते." मेस्त्री बॉनेट उघडतो. कोपऱ्यात पिवळी पडलेली प्लास्टिकची टाकी दिसते, तिच्या जोडावर ओल असते, खाली वाळलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) गुलाबी किंवा हिरवट ओघळ असतो. मग प्रश्न येतो, एम-सील लावून भागेल का, की नवीन टाकी घ्यायची?

याचं उत्तर त्या टाकीत दाब असतो की नसतो, यावर ठरतं. गाडीवाल्यांपैकी फार कमी जण हे आधी विचारतात आणि घाईतला मेस्त्रीही कधीकधी सांगत नाही. म्हणून टाकीचं काम मुळापासून समजून घेऊ.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोल-डिझेलची सगळी ऊर्जा चाकापर्यंत पोहोचत नाही. ढोबळमानाने तिचा तिसरा हिस्सा उष्णता बनून कूलंटमध्ये उतरतो. कूलंट ती उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथून ती हवेत जाते. आता साधा हिशोब करा. कूलंट ९५ अंशांवर आहे आणि बाहेर डिसेंबरची २५ अंशांची हवा आहे, तर दोघांत ७० अंशांचा फरक आहे. मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, अकोल्याकडे पारा ४५ वर गेला की हाच फरक ५० वर येतो. रेडिएटर तेच, पंखा तोच, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद पाव हिश्श्याहून जास्त घटली. वर एसी चालू, गाडीत पाच माणसं आणि डिक्कीत लग्नाचं सामान. हिवाळ्यात निभावून गेलेली गळती नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, निभावत नाही, ती यामुळेच.

कूलंट तापलं की फुगतं. लहान कारमध्ये सगळं मिळून साधारण चार-पाच लिटर कूलंट असतं आणि पूर्ण तापल्यावर ते पाव लिटरच्या आसपास वाढतं. या वाढलेल्या कूलंटला जायला जागा हवी, गाडी थंड झाल्यावर ते परत यायला हवं. ती जागा म्हणजे ही टाकी. ही सोय दोन तऱ्हांनी केलेली असते.

पहिली तऱ्हा मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोमध्ये दिसते. रेडिएटरच्या माथ्यावर धातूचं गोल झाकण असतं आणि बाजूला पातळ प्लास्टिकची बाटली. बाटलीचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं, त्यातून हवा येते-जाते. इथे दाब असतो तो रेडिएटरमध्ये, बाटलीत नसतो. दुसऱ्या तऱ्हेत रेडिएटरवर झाकणच नसतं. टाकी जाड भिंतीची असते, तिला दोन-तीन नळ्या जोडलेल्या असतात आणि आट्यांचं भक्कम झाकण असतं, ज्यावर गरम असताना उघडू नका अशी खूण असते. फोक्सवॅगन पोलोची गोलसर टाकी या तऱ्हेची. इथे इंजिनात जेवढा दाब, तेवढाच टाकीतही. बॉनेट उघडून रेडिएटरवर झाकण आहे का एवढं पाहिलं, तरी तुमची टाकी कोणती ते बहुतेक वेळा कळतं.

दाब कशाला हवा? झाकण इथे कुकरच्या शिट्टीचं काम करतं. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत वाढू देतं आणि त्यापुढे वाट करून देतं. झाकणावर ०.९, १.१ किंवा १.४ असा आकडा कोरलेला असतो, ती ही मर्यादा, बार या दाबाच्या मापात. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. त्यावर एक बार जास्तीचा दाब ठेवला तर १२० अंशांच्या आसपास उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण बिनदाबाचं सुमारे १०७ अंशांपर्यंत टिकतं, दाबाखाली त्याहून बरंच पुढे. घाटात किंवा भर उन्हात इंजिनातल्या काही जागा १०७ च्या वर सहज जातात. तिथे कूलंट उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ धातूतली उष्णता उचलू शकत नाही. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा धातूचा भाग, वाकतं ते अशा वेळी.

आता दोन्ही टाक्या गळतात तेव्हा काय होतं ते पाहू. दाबाच्या टाकीला केसाएवढी चीर पडली तरी दाब निघून जातो, म्हणजे उकळण्याची मर्यादा खाली येते. कूलंट थोडंच कमी झालेलं असतं, तरीही गाडी तापते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास उंच आहे. तिथे उघड्यावरचं पाणी शंभराच्या तीन-चार अंश आधीच उकळतं. परतवाड्याहून दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना चीर गेलेली टाकी दगा देते आणि पुढे सेमाडोहकडे मोबाइलला रेंजही धड नसते.

बिनदाबाच्या बाटलीचं दुखणं वेगळं आहे आणि ते लवकर कळत नाही. रेडिएटरच्या झाकणात दोन झडपा असतात. गाडी तापली की मोठी झडप उघडते आणि फुगलेलं कूलंट बाटलीत जातं. रात्री गाडी थंड झाली की आत पोकळी होते, छोटी झडप उघडते आणि बाटलीतलं कूलंट नळीतून परत ओढलं जातं. ही नळी बाटलीच्या तळापर्यंत बुडालेली असावी लागते. बाटली गळून पातळी नळीच्या तोंडाखाली गेली, की रेडिएटर कूलंटऐवजी हवा ओढतं. दिवसा थोडं कूलंट बाहेर, रात्री थोडी हवा आत, असं रोज. यातच एक फसवा प्रकार आहे. बाटली अगदी ठणठणीत असते, पण रेडिएटर आणि बाटली यांच्यातली बारीक रबरी नळी वरच्या टोकाला चिरलेली असते, किंवा आत बुडालेला तुकडा निसटून पडलेला असतो. मग बाटलीतली पातळी महिनोन्महिने उतरत नाही. मालक समाधानी असतो की पाणी कमी होत नाही, आणि तिकडे रेडिएटर रिकामं होत असतं. म्हणून माझं सांगणं असतं: गाडी तापल्यावर आणि थंड झाल्यावर पातळीत थोडा फरक दिसलाच पाहिजे. तो दिसत नसेल तर सकाळी गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत पाहा. कूलंट गळ्यापर्यंत भरलेलं दिसलं पाहिजे.

काट्यावर विसंबू नका. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो हवेत लटकतो आणि काटा मधेच किंवा त्याहून खाली दिसू शकतो. इंजिन भाजत असतं आणि डॅशबोर्ड शांत असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. एसीची हवा अचानक गरम येऊ लागली, किंवा हीटर पूर्ण लावूनही थंड हवाच येऊ लागली, तर कूलंट कमी झाल्याची शंका आधी घ्यावी.

गळती टाकीचीच आहे ना, याची खात्री केल्याशिवाय पैसे घालवू नका. उन्हाळ्यात गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं, साधारण डाव्या सीटच्या पुढच्या भागातून टपकणारं पाणी एसीचं असतं. ते पडणं चांगलंच. कूलंट रंगीत असतं, बोटांना किंचित बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास असतो. ते चाखून मात्र कधीही पाहू नका. टाकी तपासायची तर गाडी थंड असताना ती बाहेरून पुसून कोरडी करा आणि जोडावर, नळ्यांच्या बुंध्याशी अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, बंद करा आणि टॉर्चने पाहा. पावडरवर ओली रेघ उमटलेली दिसते. चीर बहुधा तीन जागी सापडते: दोन अर्धे साचे जिथे जोडलेले असतात तो जोड, नळीच्या तोटीचा बुंधा, आणि बोल्ट बसतो तो कान. तोटीच्या बुंध्याची चीर नखाने जाणवते, डोळ्याला मात्र नळी वाकवून धरल्याशिवाय दिसत नाही. टाकी कोरडी आणि तरी कूलंट कमी होत असेल, तर वॉटर पंप, रेडिएटरच्या कडा, होज पाइप आणि डाव्या सीटखालची ओली मॅट पाहा. टाकीत सतत बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर धूर येत असेल किंवा इंजिन ऑइल दुधाळ झालं असेल, तर मामला हेड गॅसकेटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा आहे आणि टाकी बदलून काही उपयोग नाही.

आता चिकटवण्याकडे येऊ. या टाक्या बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनच्या असतात. काहींच्या तळाशी पीपी किंवा पीई असं कोरलेलं असतं. या प्लास्टिकचा पृष्ठभाग असा असतो की त्याला कुठलाही साधा गोंद धरत नाही. फेव्हिक्विक, एपॉक्सी, एम-सील ही सगळी आपापल्या जागी चांगली आहेत. एम-सील लोखंडी पाइपाला वर्षानुवर्षं धरून राहतं. पण या प्लास्टिकवर ते नुसतं बसतं, चिकटत नाही. टाकी रोज तापून फुगते, रात्री आकसते, आणि तो थर कडेने सुटतो. दाबाच्या टाकीवर असा लेप लावणं मला धोक्याचं वाटतं, कारण तो सुटतो ते नेमका दाब सर्वांत जास्त असताना. बॉनेटखाली शंभरच्या वरचं कूलंट उडतं आणि तुम्ही कुठल्यातरी फाट्यावर उभे असता.

बिनदाबाच्या बाटलीला मात्र दुरुस्ती चालते, ती प्लास्टिक वितळवून. बाटली काढून धुऊन पूर्ण वाळवायची. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिलने छोटं भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग चिरेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच करून, त्याच जातीच्या जुन्या बाटलीची पट्टी सोल्डरिंगच्या गरम टोकाने वितळवत खाचेत भरायची. पीपीवर पीपीच, पीईवर पीईच. प्लास्टिक जळून काळं पडू द्यायचं नाही, आणि काम हवेशीर जागी करायचं. झाल्यावर बाटलीत गरम पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा. कागद कोरडा राहिला तर बसवा. पण बाटली पिवळी पडून ठिसूळ झाली असेल, बोटाने दाबल्यावर करकरत असेल, तर हा खटाटोप वाया जातो. एक चीर बुजवली की शेजारी दुसरी निघते. लहान गाड्यांची साधी बाटली काही शे रुपयांत मिळते. दाबाची टाकी महाग असते, पण हेडच्या कामापुढे तो खर्च काहीच नाही. दाबाची असेल तर बदलाच, यावर मी ठाम आहे.

तालुक्याच्या गावात टाकी लगेच मिळेलच असं नाही. नागपूर, अमरावती किंवा अकोल्याहून ट्रॅव्हल्सने मागवताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. साल, पेट्रोल की डिझेल, आणि आरसीवरचा चेसिस नंबर द्या. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत तोटीची जागा वेगळी असते. दाबाच्या टाकीबरोबर झाकणही नवंच घ्या, आणि आकडा जुन्या झाकणाचाच हवा. जुन्या झाकणाची स्प्रिंग अडकलेली असेल तर दाब बाहेर पडत नाही आणि नवी टाकीही तीच फोडते.

बदलण्याचं काम अवघड नाही, पण गाडी रात्रभर उभी असलेली हवी. झाकण उघडून टाकीतलं कूलंट पिचकारीने किंवा नळीने डब्यात काढा. स्प्रिंगची क्लिप पक्कडने दाबून मागे सरकवा. नळी सरळ ओढू नका. आधी तोटीवर थोडी पिळून सैल करा, मग काढा. जोर लावला तर दुसऱ्या टोकाची रेडिएटरची प्लास्टिक तोटी तुटते आणि दोनशेचं काम हजारांवर जातं. सेन्सरचा प्लग असेल तर त्याची खिट्टी दाबून सोडवा. बोल्ट बहुधा १० नंबरचे असतात. नळीचं टोक कडक झालं असेल, वाकवल्यावर भेगा दिसत असतील, तर नळीही बदला. नवी क्लिप पेचाची असेल तर हाताला रोध लागला की थांबा. जास्त आवळल्याने नव्याकोऱ्या तोटीला चीर गेलेली मी पाहिली आहे.

भरल्यानंतर आत अडकलेली हवा काढणं, हे खरं कौशल्याचं काम. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा, हवा काढायचा पेच असेल तर तो उघडून कूलंट बुडबुड्यांविना येऊ लागलं की बंद करा. रेडिएटरला झाकण असेल तर आधी रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, मग बाटली खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये. झाकण लावून इंजिन नुसतं चालू ठेवा, पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. गाडी पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. ती थोडी उतरलेली असतेच, तेवढी भरा. पुढचे काही दिवस रोज सकाळी नजर टाका. शेजारीच काच धुण्याच्या पाण्याची टाकी असते, तिच्या झाकणावर वायपरचं चित्र असतं. घाईत तिच्यात कूलंट ओतू नका.

काय भरायचं, हा विदर्भात जास्त मोलाचा प्रश्न आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात, जमिनीखालचं पाणी खारट आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हाऱ्याकडच्या लोकांना हे सांगायची गरज नाही. इतर भागांतही बोअरचं पाणी बहुधा जडच. हे पाणी इंजिनात तापलं की क्षार आतल्या भिंतींवर थर धरतात आणि मीठ अॅल्युमिनियम खातं. जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला हापशीचं पाणी चालवून घेतलं गेलं, कारण त्यांची रेडिएटरं पितळ-तांब्याची आणि इंजिनं जाड बिडाची होती. ती सवय आजच्या कारला घातक आहे. मिश्रण करायचं तर बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा, निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी. नाहीतर तयार मिसळलेला कॅन घ्या, त्यात पुन्हा पाणी नको. रंग पाहून कूलंट निवडू नका. हिरवं किंवा गुलाबी हा कंपनीने घातलेला रंग आहे. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्या. वेगळ्या प्रकारचं कूलंट मिसळलं तर आतलं गंजरोधक निकामी होऊ शकतं, गाळही धरू शकतो.

रस्त्यातच टाकी फुटली तर आधी एसी बंद करा, सावलीत थांबा आणि इंजिन बंद करा. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, आणि ४५ अंशांच्या उन्हात तासन्तास त्या वेगाने चाललं की दुबळी टाकी तिथे उघडी पडते. अशा वेळी पाच मिनिटांत निघायची घाई करू नका. झाकणाला किमान अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. आतलं कूलंट दाबामुळे न उकळता थांबलेलं असतं. झाकण सुटताच ते एकदम उकळून तोंडावर येतं. ओलं फडकं धरूनही हे टळत नाही. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणं तर त्याहून वाईट, धातूला तडा जातो. जीव अडला असेल तर रेडिएटरमध्ये पिण्याचं पाणी भरून जवळच्या गावापर्यंत जाता येतं, पण फक्त बिनदाबाची बाटली फुटली असेल तर, आणि तेही थांबत थांबत. दाबाची टाकी फुटली असेल तर गाडी उचलून न्या. आणीबाणीत भरलेलं साधं पाणी नंतर पूर्ण काढून टाकून कूलंट भरणं आलंच.

शेवटचं आणि घरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकोल असतं. ते चवीला गोड आहे आणि विषारी आहे. पोटात गेल्यावर यकृतात त्याची आम्लं बनतात आणि मूत्रपिंड निकामी होतात. अंगणात गाडीखाली साचलेलं थारोळं कुत्रं चाटतं, वासरू किंवा शेळी चाटते. थोडंसंही जीवावर बेतू शकतं. गळकी गाडी गोठ्याजवळ उभी करू नका. सांडलं असेल तर त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून, सगळं उचलून बंद पिशवीत भरा आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं कूलंट पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका, लहान मूल ते सरबत समजून पिईल. चुकून कोणी प्यायलंच तर उलटी काढत बसू नका. कॅन बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा आणि किती वाजता प्यायलं ते डॉक्टरांना सांगा. लक्षणं उशिरा दिसतात, पण उपचार लवकर सुरू झाले तर जीव वाचतो. वापरलेलं कूलंट नालीत, विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नका. मूळ कॅनमध्ये भरून, वर ठळक "विष" लिहून, जळकं ऑइल जमा करणाऱ्या मोठ्या गॅरेजमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरवर विचारून द्या.